सोमवारपासून आपण सर्व फिरते आहात

आख्ख्या सोलापुरात ऐन मे महिन्यात स्वेटर घालून हिंडणारा एकच इसम होता आणि तो आमच्या पतसंस्थेचा संगणकप्रमुख होता. गाव उन्हानं करपून निघालेलं असायचं, नवी पेठेतले कापडवाले गिऱ्हाइकाऐवजी पंख्याकडे डोळे लावून बसलेले असायचे, आणि हे गृहस्थ गळ्यापर्यंत बंद केलेला तपकिरी स्वेटर घालून, वर मफलर गुंडाळून संस्थेचा जिना चढायचे. नवीन माणसाला वाटायचं, यांना हिवताप भरलाय. तसं काही नव्हतं. आमच्या संस्थेत चेअरमनला कूलर, मॅनेजरला पंखा आणि बाकीच्यांना खिडकी अशी सोय होती. एसी मात्र फक्त सर्व्हरच्या खोलीत होता, आणि त्या खोलीत प्रमुखांखेरीज कुणाला बसता येत नव्हतं. पूर्वी ती खोली लोकांच्या चपला ठेवायची होती. प्रमुखांच्या राजवटीत तिच्या दाराशी पाटी लागली, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. उन्हाळ्यात आम्ही आत शिरायला नाना सबबी शोधायचो. एकदा कॅशियर मॅडम घाम पुसत गेल्या आणि म्हणाल्या, “माऊस अडकायलाय ओ.” प्रमुखांनी दार बोटभर उघडलं, माऊस आत घेतला आणि मॅडमना बाहेर ठेवून दार लावलं. तासाभरानं माऊस गार होऊन परत आला.

संगणक विभाग म्हणजे ते एकटेच. पण बोलताना कधी ‘मी’ म्हणून बोलले असतील तर शपथ. “आमच्या विभागाचं म्हणणं असं हाय की,” अशीच सुरुवात. दर शनिवारी विभागाची बैठक व्हायची. म्हणजे ते दार लावून आत एकटेच बसायचे. एकदा बाहेर आले ते तोंड पाडून. मी विचारलं, “काय ठरलं?” तर म्हणाले, “काय ठरतंय? विभागात एकमत न्हाय.” माणूस मूळचा अक्कलकोटकडचा, घरची भाषा कानडी. पण कानडी त्यांनी यंत्रांसाठी राखून ठेवली होती. एखादं मशीन चालू व्हायला खळखळ करायला लागलं की त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, “बारप्पा, बारो,” म्हणून त्याची मनधरणी चालायची. आमच्याशी मात्र मराठी, आणि तीही खेकसून. यावर एकदा मी टोकलं तर म्हणाले, “घरच्या मानसासंगं घरची भाषा बोलावी की.” आम्ही कोणाची माणसं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांचं आणखी एक खातं होतं, ते म्हणजे कर्मचाऱ्यांच्या स्वभावाची दुरुस्ती. पासवर्ड आपला आपण ठरवायची मुभा आमच्याकडे कुणालाच नव्हती. ते प्रमुख ठरवायचे, आणि ज्याच्या अंगात जो दुर्गुण असेल त्यावरचं औषध म्हणून ठरवायचे. रोज सकाळी तो शब्द स्वतःच्या हातानं टंकला की माणूस हळूहळू सुधारतो असा त्यांचा सिद्धांत होता. कॅशियर मॅडमना ‘हसून-बोला’ मिळाला होता. मला ‘उद्या-नको-आज’ मिळाला होता आणि तो बदलून घ्यायचा अर्ज मी आजतागायत केलेला नाही, उद्या करीन. चेअरमनांचा होता ‘थोडक्यात-सांगा’. आता पासवर्ड कसा दोघांतच राहायला हवा. पण वार्षिक सभेत भर मंचावर चेअरमनांना अहवाल पडद्यावर दाखवायची हौस आली, लॅपटॉपनं पासवर्ड मागितला, आणि तो काही त्यांना आठवेना. त्यांनी माईकवरूनच विचारलं, “प्रमुख, माझा तो शब्द काय हो?” प्रमुख सभागृहाच्या पार मागच्या दारात उभे होते. तिथून ते खणखणीत आवाजात ओरडले, “थोडक्यात सांगा!” सभासदांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तशा टाळ्या संस्थेत लाभांश जाहीर झाल्यावरही पडल्या नव्हत्या. चेअरमनांनी तो अपमान पोटात ठेवला, आणि चेअरमनांच्या पोटात ठेवलेली गोष्ट कधीच फुकट जात नसते.

झालंही तसंच. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस टाय बांधून आला आणि तुमचे सगळे संगणक आम्ही पुण्यात बसून सांभाळतो म्हणाला. तुम्हाला सर्व्हर नको, खोली नको, एसी नको. माणूसही नको, हे त्यानं म्हटलं नाही, पण चेअरमनांना ते स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी प्रमुखांना बोलावलं. आमच्या कार्यालयाचं एक जुनं दुखणं होतं, ते त्यांच्यापुढे टाकलं. दुखणं असं की आमच्याकडे प्रत्येक माणूस आपापल्या मशीनला चिकटलेला होता. ज्यानं त्यानं आपल्या मशीनला कुंकू लावलेलं, सिद्धेश्वराचा फोटो चिकटवलेला, घरच्या जुन्या चादरीचा झगा शिवलेला. ज्याची त्याची कागदपत्रं ज्याच्या त्याच्या मशीनच्या पोटात. एक जण रजेवर गेला की त्याचं काम त्याच्याबरोबर रजेवर. वसुली विभागाचे अण्णा तर निवृत्तीला आलेले, त्यांनी आयुष्यात दुसऱ्या मशीनला बोट लावलं नव्हतं. चेअरमन म्हणाले, “सोमवारी संचालकांची बैठक आहे. कोणाही माणसाला कुठल्याही मशीनवर बसवून त्याचं काम चालू करून दाखवा. जमलं तर विभाग राहील. नाहीतर यंत्रं पुण्याला आणि तुम्ही माढ्याच्या शाखेत काउंटरला.”

प्रमुख तिथून थेट माझ्या टेबलाशी आले. खोलीबाहेर असूनही स्वेटर काढलेला नव्हता. म्हणाले, “काउंटरला बसवतेत म्हनं मला. मी आन् गिऱ्हाइकासंगं बोलायचं? हसून?” मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघून ते गिळलं. ते स्वेटरची तपकिरी बाही डोळ्यांना लावत होते. या इमारतीतली एकूण एक वायर या माणसानं स्वतः छताच्या फळ्यांवरून रांगत जाऊन ओढली होती. सर्व्हर एकटा पडतो म्हणून दुपारचा डबा ते त्याच्या समोर बसून खायचे. अशा माणसाला काउंटरला बसवणं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला भाजीबाजारात बसवण्यासारखं होतं, फक्त हा पुजारी भक्तांवर खेकसायचा इतकंच.

त्यांनी जो उपाय काढला त्याचं नाव रोमिंग युजर प्रोफाइल. माझ्या मठ्ठ डोक्याला त्यांनी तो असा समजावला की विंचवाचं बिऱ्हाड कसं त्याच्या पाठीवर, तसं. माणसाची सगळी कागदपत्रं, फोटो, खुणा सर्व्हरवर ठेवायच्या. मग तो कुठल्याही मशीनवर बसला आणि नाव, पासवर्ड घातला की त्याचं सगळं बिऱ्हाड त्याच्या मागोमाग तिथं हजर. मुख्य कार्यालयात आणि माढ्याच्या, जेऊरच्या शाखांत त्यांनी जोडणी करून टाकली. वेळ कमी होता, म्हणून सगळ्यांत आधी अण्णांचं बिऱ्हाड तयार केलं. विचार बरोबर होता. जो माणूस आपली खुर्ची कधी सोडत नाही तो दुसऱ्या मशीनवर काम करताना दिसला की संचालक गार. सोमवारी अण्णांना कॅशियर मॅडमच्या मशीनवर बसवायचं ठरलं.

इथवर सगळं ठीक होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती परिपत्रकात. संस्थेची सगळी परिपत्रकं शुद्ध मराठीत हवीत असा चेअरमनांचा हुकूम होता, आणि नेमक्या याच वेळी प्रमुखांना तो पाळायची बुद्धी झाली. रोमिंगला त्यांनी आधी ‘भ्रमणशील’ केलं. पण टंकताना काहीतरी चुकलं आणि आख्खा कर्मचारीवर्ग भ्रमिष्ट असल्याचं छापून आलं. ते वस्तुस्थितीला धरून असलं तरी मॅनेजरनी परत पाठवलं. मग विभागाची तातडीची बैठक बसली, आणि शनिवारी संध्याकाळी, लोक घरी निघायच्या गडबडीत असताना, फलकावर कागद लागला:

‘सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, सोमवारपासून आपण सर्व फिरते आहात. प्रत्येकाचे सामान त्याच्या मागोमाग आपोआप येईल. सुरुवात वसुली विभागापासून होईल.’

पतसंस्थेत काम केलेल्याला ‘फिरती’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. फिरती म्हणजे पहाटेची गाडी, गावोगावचं ऊन, कर्जदाराच्या दारातला कुत्रा आणि भत्त्याच्या बिलावर मॅनेजरची शंका. कागद वाचून सगळ्यांची पाचावर धारण बसली. कॅशियर मॅडम तिथल्या तिथं म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंचं पथ्यपाणी कोन बघंल ओ? आन् सामान येईल म्हंजे? कायमचंच धाडतेत का काय?” रविवारी त्यांचे यजमान मॅनेजरच्या घरी जाऊन बसले. शिपायानं शेजाऱ्याची वळकटी मागून आणली. मला सगळं माहीत होतं, त्यामुळे मी लोकांना समजावू शकलो असतो. पण एवढं करमणुकीचं वातावरण आमच्या संस्थेत वारंवार होत नाही, म्हणून म्हटलं सोमवारी सांगू.

सोमवारी संचालक जमले. टेबलावर शेंगाची चटणी आणि भाकरी, कडक चहा, कोपऱ्यात टायवाला. प्रमुख नेहमीच्या स्वेटरमध्ये, पण आज पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम होता. कॅशियर मॅडमचं मशीन चालू करून ठेवलेलं. फक्त अण्णांचा पत्ता नव्हता. अण्णा कधी उशिरा यायचे नाहीत. त्यांना बघून आम्ही घड्याळं लावायचो. घरी फोन केला. त्यांच्या सुनेनं सांगितलं, “मामा पहाटंच गेले की. जेऊरला. फिरती लागलीया म्हनत हुते. डबा बी दिलाय.”

वसुलीची फिरती म्हणजे जेऊर, हे त्या माणसाच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. बाकीचे आरडाओरडा करून जागच्या जागी बसले होते. कागदावर जे लिहिलंय ते करणारा सबंध संस्थेत एकच निघाला, आणि नेमका तोच आज इथं हवा होता. प्रमुख मटकन खुर्चीत बसले. चेअरमन आनंदानं टायवाल्याकडे वळले. “हे बघा, हे असं आहे आमच्याकडे,” असं म्हणून त्यांनी थोडक्यात सांगायला सुरुवात केली, आणि ते सांगणं संपायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. जेऊर शाखेतून अण्णा बोलत होते.

“नमस्कार. पोचलो ओ मी. हितं कुनालाच कायबी ठाऊक न्हाय. म्या काय करायचं?”

प्रमुखांनी चेअरमनच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला. “अण्णा, तितलं कुटलंबी मशीन धरा. बसा. नाव घाला, पासवर्ड घाला.”

“माजं मशीन तिकडं सोलापुरात हाय की.”

“असू द्या हो! घाला म्हंतो न्हवं!”

फोन लाउडस्पीकरवर ठेवला गेला. जेऊरची लाइन म्हणजे बैलगाडी. वाट बघण्यात चहा झाला, भाकरी संपली, टायवाल्याला चटणीनं ठसका लागून पाणी देऊन झालं. प्रमुख फोनवर वाकून बसले होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. “बारप्पा, बारो.” मी आजवर त्यांची इतकी टिंगल केली होती, पण त्या क्षणी मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो. ये बाबा, ये एकदाचं.

आणि फोनमधून अण्णांची किंकाळी आली. “अयायो! नातवाचा फोटू! ओ, माजं सगळं हितं आलंय की! थकबाकीची फाइल बी हाय! आवो, कुनी आनलं हे? माज्याच गाडीनं आलं व्हय? मला गाडीत कुनीच दिसलं न्हाय की!”

संचालक उठून उभे राहिले. कोणी टाळी वाजवली, कोणी प्रमुखांच्या पाठीवर थाप मारली, त्यातून धूळ उडाली. पलीकडच्या खोलीतलं मशीन दाखवायचं होतं, तिथं थेट जेऊर दाखवून झालं होतं. टायवाला बॅग आवरायला लागला. चेअरमन घसा साफ करून म्हणाले की ही कल्पना मुळात आपलीच, आणि अण्णांना जेऊरला धाडायचं नियोजनही आपलंच. प्रमुखांनी त्यांना सगळं श्रेय घेऊ दिलं. त्यांना खोली मिळाली होती. ते चपला काढून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतरची काही वर्षं प्रमुखांचं साम्राज्य होतं. आम्ही कुठंही बसायला शिकलो, कुंकवाच्या डब्या खिशात आल्या. त्यांचा एकच दंडक होता: एका वेळी दोन मशीनवर बसायचं नाही. कारण दोन्हीकडे काम केलं तर “जो मागनं उठंल त्याचंच खरं, पयल्याचं गेलं वाऱ्यावर.” मॅनेजरनी हे ऐकलं नाही, आणि एका दुपारी त्यांचं दिवसभराचं काम गायब झालं. प्रमुखांनी ते हुडकून द्यायला साफ नकार दिला. “एका मानसानं दोन घरी बिऱ्हाड केल्यावर असंच हुतंय,” एवढंच म्हणाले. अण्णा निवृत्त होईपर्यंत मधूनच विचारायचे की ते सामान नक्की कोण आणत असतं, आणि प्रमुख त्यांना दर वेळी गंभीरपणे सांगायचे, “विभागाची मानसं हायेत की.”

पण टायवाले फार दिवस दूर राहत नाहीत. चेअरमन बदलले, नवे आले, त्यांनी पुण्याच्या दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीशी करार केला. या वेळी कुणी आव्हान दिलं नाही, सोमवार दिला नाही. सर्व्हर भंगारवाल्याच्या गाडीत चढला तेव्हा प्रमुख खाली रस्त्यावर उभे राहून, “सरळ धरा की ओ, आडवा कशाला करताव,” म्हणून हमालांवर खेकसत होते. मग माढ्याच्या शाखेचा हुकूम आला. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. विभागाला मान्य नाही म्हणाले.

आठवडा गेला आणि माढ्याहून त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. माढ्यात पाणी बरं आहे म्हणाले, उसाच्या गाड्यांनी रस्ता अडतो म्हणाले. मग म्हणाले, “आज मशीन दिलं हितं. नाव घातलं, पासवर्ड घातला. कोरा पडदा आला बघा. माज्या मागं काहीच आलं न्हाय.”

नंतर मला कळलं की नव्या कंपनीनं आम्हां सगळ्यांचं सामान जपून उचलून नेलं होतं. प्रमुखांचं खातं मात्र सगळ्या किल्ल्या असलेलं, म्हणून धोक्याचं, म्हणून त्यांनी ते पहिल्याच दिवशी पुसलं होतं. सगळ्या संस्थेची बिऱ्हाडं इतकी वर्षं ज्यानं हलवली, त्याचं स्वतःचं तेवढं कुणाच्या यादीत नव्हतं. पण फोनवर हे मला ठाऊक नव्हतं. मी आपलं म्हटलं, “आम्ही येतो की शनिवारी.”

आणि आम्ही खरंच गेलो. मी, कॅशियर मॅडम, शिपाई, आणि काठी टेकत अण्णा. एसटीनं घामाघूम होऊन माढ्याला उतरलो. काउंटरच्या जाळीमागे प्रमुख बसले होते, पांढऱ्या शर्टात. स्वेटर नसलेले प्रमुख मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते एकदम लहान वाटले. आम्हाला बघून ते उठलेच नाहीत, नुसते बघत राहिले. मग समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, “जरा थांबा ओ, आमचा विभाग आलाय,” आणि तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरत बसले. त्या दुपारी आम्ही इतके हसलो की शाखाधिकारी दोनदा डोकावून गेला.

तेव्हापासून आम्ही जमेल तसं जात असतो. पण अण्णांना आता प्रवास झेपत नाही. मॅडमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. शिपायाची बदली झाली. मागच्या खेपेला मी एकटाच होतो. प्रमुखांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

“बाकीचे?”

“येतील की,” मी म्हटलं.

त्यांनी अजून थोडा वेळ दाराकडे पाहिलं. मग शेजारची खुर्ची ओढून माझ्याकडे सरकवली. “न्हाय आले तर न्हाय. तुमी आलाव न्हवं, बसा,” म्हणाले, आणि त्यांनी पोऱ्याला दोन चहा सांगितले. शेवटची एसटी लागेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.